शेवटचं नाणं कुठे टाकायचं? मर्यादित पैशांत जास्तीत जास्त समाधान

मोजपट्टी

बरीच वर्षं अर्थशास्त्र शिकवते आहे. दरवर्षी एका प्रकरणापाशी वर्ग अडतो, आणि मोठी माणसंही तिथेच अडतात. म्हणून धागा काढतेय.

प्रश्न साधा आहे. हातात ठरावीक पैसे, हव्याशा वस्तू अनेक. कशावर किती खर्च केला म्हणजे एकूण समाधान जास्तीत जास्त होईल? पाठ्यपुस्तकाच्या भाषेत एकूण उपयोगिता. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण किती खर्च करायचा तेवढं सांगते. तो कसा वाटायचा याबद्दल ती गप्प आहे, आणि खरा पेच तिथेच आहे.

पटकन सुचणारी दोन उत्तरं चुकीची आहेत. एक, सगळ्यात जास्त आवडतं त्यावर सगळे पैसे. दोन, सगळ्यांवर सारखे पैसे. आकडे घेऊनच बघू.

तुमच्याकडे १०० नाणी आहेत. पुस्तक २० नाण्यांना, चित्रपटाचं तिकीट १० नाण्यांना. पहिल्या पुस्तकाची उपयोगिता १००, दुसऱ्याची ८०, मग ६०, ४०, २०. तिकिटांची ६०, ५०, ४०, ३०, २०, १०. प्रत्येक पुढचा नग आधीच्यापेक्षा कमी समाधान देतो. एका जास्तीच्या नगाने मिळणाऱ्या समाधानाला सीमांत उपयोगिता म्हणतात. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत म्हणतात तो हाच.

सगळे पैसे पुस्तकांत, म्हणजे ५ पुस्तकं घेतली तर एकूण ३००. आता ३ पुस्तकं आणि ४ तिकिटं घ्या. पुस्तकांचे २४०, तिकिटांचे १८०, एकूण ४२०. खर्च तोच, १००. याहून जास्त बेरीज मिळते का ते वहीत करून बघा आणि इथे लिहा. त्यामागचं कारण मी मुद्दामच सांगत नाही.

रेघोटी

मॅडम, मी बारावीत आहे. आम्हाला शिकवलंय की दोन्ही वस्तूंची सीमांत उपयोगिता समान झाली की ग्राहक समतोलात येतो. पण तुमच्या उत्तरात तिसऱ्या पुस्तकाची ६० आहे आणि चौथ्या तिकिटाची ३०. हे समान कुठे आहे?

मी वेगळं करून पाहिलं. दर वेळी ज्या नगाची उपयोगिता सगळ्यात जास्त तो उचलला. पुस्तक (१००), पुस्तक (८०), पुस्तक (६०), तिकीट (६०), तिकीट (५०). इथे ८० नाणी संपली. पुढे ४० ला बरोबरी आली, चौथं पुस्तक किंवा तिसरं तिकीट. मी पुस्तक घेतलं. बेरीज २८० अधिक ११०, म्हणजे ३९०. तुमच्यापेक्षा ३० कमी. नेमकं कुठे चुकलं?

मोजपट्टी

रेघोटी, चूक तुझी नाही. ते वाक्य अर्धवट पाठ करून घेतलं जातं. समान व्हायला हवी ती *दर नाण्यामागची* सीमांत उपयोगिता. आधी किमतीने भागायचं, मग तुलना करायची.

पुस्तकांना २० ने भाग: ५, ४, ३, २, १. तिकिटांना १० ने भाग: ६, ५, ४, ३, २, १. आता सगळ्यात मोठ्या आकड्यापासून उचलत जा. तिकीट ६, पुस्तक ५, तिकीट ५, पुस्तक ४, तिकीट ४, पुस्तक ३, तिकीट ३. नाणी बरोबर १०० झाली आणि दोन्हीकडे शेवटचा आकडा ३ आला.

बरोबरीच्या जागी तू जे पुस्तक उचललंस त्याने २० नाणी खाल्ली. त्याच २० नाण्यांत दोन तिकिटं येत होती, ४० आणि ३०, म्हणजे ७०. पुस्तकाने दिले ४०. तुझे ३० तिथे गेले. उलट दिशेने गेलीस तरी तेच होतं. एक पुस्तक कमी करून दोन तिकिटं जास्त घे: ६० गेले, २० आणि १० आले, पुन्हा ३९०. दोन्ही बाजूंना उतार, म्हणून आपण माथ्यावर आहोत.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ते हेरमान हाइनरिख गोसेन या प्रशियातल्या माजी सरकारी अधिकाऱ्याने, १८५४ साली. कोपर्निकसने खगोलशास्त्रात केलं तसं काही आपण इथे केलंय असा त्याचा विश्वास होता. पुस्तक खपलं नाही. त्याने उरलेल्या प्रती परत मागवल्या आणि १८५८ मध्ये तो वारला. १८७१ मध्ये जेव्हन्स आणि मेंगर या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे याच्या जवळपासचं लिहिलं, १८७४ मध्ये वालरासने. जेव्हन्सला गोसेनचं पुस्तक १८७८ मध्ये कळलं आणि १८७९ च्या आवृत्तीत त्याने हे श्रेय मोकळेपणाने गोसेनला दिलं. ही हकीकत वर्गात सांगताना दर वेळी माझा आवाज थोडा खाली येतो.

शांत दुपार

धागा आवडला, पण मुळावरच शंका आहे. पहिल्या पुस्तकाची उपयोगिता १००, हे मोजलं कुणी? मी सत्तरी ओलांडली आहे आणि आयुष्यभर पैसे मोजूनच खर्च केले. पण हे ६० चं समाधान आणि हे ४० चं, असं मनाशी कधीच म्हटलेलं आठवत नाही. हे जास्त हवं की ते, एवढंच ठरवलं.

मोजपट्टी

काका, अगदी हाच आक्षेप अर्थशास्त्रज्ञांनी स्वतःच स्वतःवर घेतला. पॅरेटोने १९०६ च्या सुमारास म्हटलं की किती जास्त हे मोजायची गरजच नाही, कोणतं जास्त एवढं कळलं तरी भागतं. १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन यांनी सगळा सिद्धांत या क्रमवाचक पायावर नव्याने उभा केला.

जवळून बघायचं असेल तर आपल्या सगळ्या बेरजांचा वर्ग करा. ४२० चा वर्ग १,७६,४००, ३९० चा १,५२,१००. क्रम बदलला नाही, म्हणून निवडही बदलणार नाही. पण पहिल्या पुस्तकाकडे बघा. ० वरून १०० होते, आता १०,००० झाले. दुसऱ्या पुस्तकानंतर १८० चा वर्ग ३२,४००, म्हणजे दुसऱ्या पुस्तकाने २२,४०० दिले. 'घटती' सीमांत उपयोगिता वाढती दिसायला लागली! माणूस तोच, टोपली (म्हणजे घेतलेल्या वस्तूंचा संच) तीच, आपण फक्त मोजपट्टी बदलली. म्हणजे घटती उपयोगिता हा आकड्यांच्या निवडीचा भाग होता.

उरतं ते तुम्ही म्हणालात तेच: एका पुस्तकासाठी मी किती तिकिटं सोडायला तयार आहे. याला सीमांत पर्यायता दर म्हणतात. समतोलात तो दर बाजारातल्या किमतींच्या गुणोत्तराएवढा होतो. आपल्या उदाहरणात बाजार एका पुस्तकाला दोन तिकिटं मागतो, आणि ३ पुस्तकं, ४ तिकिटांपाशी तुमचं मनही साधारण दोनच सोडायला तयार असतं. समवृत्ती वक्र (सारखंच समाधान देणाऱ्या टोपल्यांची रेघ) अंदाजपत्रक रेषेला (हातातल्या पैशांत नेमक्या बसणाऱ्या टोपल्यांची रेघ) स्पर्श करतो असं आकृतीत दाखवतात, ते हेच. तो वक्र प्रथम एजवर्थच्या १८८१ च्या पुस्तकात आला.

वर्गात आकडे मी तरीही वापरते. पायऱ्या असल्या की चढणं दिसतं.

उभा आडवा

मी अभियंता आहे, गणित करून पाहिलं. तुमचं 'मोठ्या आकड्यापासून उचलत जा' हे इथे चाललं कारण नग छोटे होते आणि शेवटी नाणी बरोबर संपली. नग मोठे असले की ते कोसळतं.

१०० नाणी. अ वस्तू ६० ला, उपयोगिता ३००, म्हणजे दर नाण्यामागे ५. ब आणि क प्रत्येकी ५० ला, प्रत्येकी २४०, म्हणजे दर नाण्यामागे ४.८. तुमच्या पद्धतीने आधी अ उचललं. ४० नाणी उरली, त्यात ना ब येत ना क. एकूण ३००. ब आणि क घेतले असते तर ४८०.

संगणकशास्त्रात याला पिशवीची समस्या म्हणतात. तुकडे करता येत नसतील तर दर नाण्यामागचा भाव एकट्याने पुरत नाही, संपूर्ण जोड्या तपासाव्या लागतात. वस्तूंची संख्या वाढली की जोड्या भराभर वाढतात.

मोजपट्टी

एकदम मान्य, आणि हे सांगितल्याबद्दल आभार. दर नाण्यामागची सीमांत उपयोगिता समान करायच्या या समसीमांत नियमाच्या पोटात 'वस्तू हवी तेवढी बारीक करता येते' हे गृहीतक दडलेलं आहे. धान्यासारख्या, तासांसारख्या, लिटरमध्ये मोजायच्या गोष्टींना ते बऱ्यापैकी लागू पडतं. घर, यंत्र, अभ्यासक्रमाची फी यांना नाही.

एक पुरवणी. जी वस्तू आपण मुळीच घेत नाही, तिथेही समानता नसते. पहिल्याच नगाची दर नाण्यामागची उपयोगिता बाकीच्या शेवटच्या आकड्यापेक्षा कमी असेल तर उत्तर शून्य नग. हे कोपऱ्यातलं उत्तर. खऱ्या आयुष्यात बाजारातल्या बहुतेक वस्तूंबाबत आपण कोपऱ्यातच असतो.

रेघोटी

मॅडम, पुस्तकाची किंमत १० झाली तर? मी केलं. आता पुस्तकांचे १०, ८, ६, ४, २. उत्तर ५ पुस्तकं, ५ तिकिटं, एकूण ५००. पण पुस्तक स्वस्त झालं तर तिकिटं ४ ची ५ का झाली? तिकिटं कमी व्हायला हवी होती ना, सगळे पुस्तकाकडे वळतील म्हणून?

मोजपट्टी

रेघोटी, फार चांगला प्रश्न विचारलास. याचं उत्तर १९१५ साली येवगेनी स्लुत्स्कीने एका इटालियन नियतकालिकात दिलं. महायुद्ध चालू होतं, लक्ष गेलं नाही. ते पुन्हा उजेडात यायला तीसचं दशक उजाडलं.

त्याची युक्ती अशी. किंमत उतरली की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात: पुस्तक तिकिटाच्या मानाने स्वस्त होतं, आणि तू थोडी श्रीमंत होतेस. दोन्ही सोडवून बघू.

तुझी जुनी टोपली, ३ पुस्तकं आणि ४ तिकिटं, नव्या किमतींना ७० नाण्यांत येते. म्हणून वरची ३० नाणी क्षणभर काढून घेऊ. आता ७० नाण्यांत काय घेशील? मोठ्या आकड्यापासून उचल: पुस्तक १०, पुस्तक ८, पुस्तक ६, तिकीट ६, तिकीट ५, पुस्तक ४, तिकीट ४. झाली ४ पुस्तकं, ३ तिकिटं. एक पुस्तक वाढलं, एक तिकीट कमी झालं. तुझी अपेक्षा बरोबर होती. हा पर्यायता परिणाम.

आता ती ३० नाणी परत देते. ४ आणि ३ वरून ५ आणि ५. एक पुस्तक, दोन तिकिटं वाढली. हा उत्पन्न परिणाम. तिकिटांच्या बाबतीत एक कमी आणि दोन जास्त, म्हणून निव्वळ एक जास्त.

काही वस्तू अशा असतात की हाती पैसा आला की माणूस त्या कमी घेतो. तिथे उत्पन्न परिणाम उलटा ओढतो. ही ओढ पर्यायता परिणामाहूनही जोरदार असली तर किंमत वाढल्यावर मागणी वाढते. मार्शलने ही गोष्ट गिफेनच्या नावावर लावली. अशी उदाहरणं दुर्मीळ आहेत, आणि ती अगदी गरीब घरांत शोधावी लागतात, जिथे एकाच वस्तूवर खर्चाचा मोठा वाटा जातो.

निळी शाई

मी अर्थशास्त्राची नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतेय आणि एक आठवण सारखी वर येतेय.

आई घरखर्चाची पाकिटं करायची. प्रत्येकावर पेन्सिलने लिहिलेलं: घरभाडं, शाळा, औषध, प्रवास, इतर. महिन्याच्या पहिल्या दिवशी पैसे वाटून झाले की पाकिटांना रबर लावून ती कपाटात जायची. एकदा महिन्याच्या मध्यात तिच्या चष्म्याची दांडी मोडली. औषधाचं पाकीट रिकामं होतं, 'इतर' मध्ये चिल्लर होती. प्रवासाच्या पाकिटात मात्र चांगले पैसे होते, मी स्वतः पाहिले होते. तिने त्याला हात लावला नाही. दांडीला दोरा गुंडाळून तीन आठवडे काढले. वाचताना एका हाताने चष्मा धरायची, दुसऱ्या हाताने पान उलटायची.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते आणि मला राग आला होता. आज हा नियम वाचून वाटलं, माझा राग बरोबर होता. दर नाण्यामागची उपयोगिता चष्म्यावर कितीतरी जास्त होती. मग आई चुकली ना?

उभा आडवा

नियमानुसार चुकल्या. पैसा पैसाच असतो, पाकिटावरच्या पेन्सिलीने तो वेगळा होत नाही. रिचर्ड थेलरने १९८५ मध्ये यालाच मनातले हिशेब म्हटलं. याच धर्तीच्या कामासाठी २०१७ चं नोबेल त्यांना मिळालं.

शांत दुपार

मी इतक्यात निकाल देणार नाही. पाकीट उघडणं सोपं असेल तर ते दर महिन्याला उघडलं जातं. आमच्याकडेही पाकिटं होती. एकदा उघडली आणि मग ती पाकिटं उरलीच नाहीत, नुसते कागद राहिले.

मोजपट्टी

काकांचं म्हणणं सिद्धांतातही आहे. थेलर आणि शेफ्रिन यांनी १९८१ मध्ये माणसाच्या आत दोघं असल्याची कल्पना मांडली: एक योजना आखणारा, दुसरा या क्षणी खर्च करणारा. पाकीट हे पहिल्याने दुसऱ्यावर घातलेलं कुलूप. कुलपाची किंमत पडते, कधी कधी तीन आठवडे दोरा गुंडाळून. पण कुलूप नसण्याचीही किंमत असते.

हर्बर्ट सायमनने १९५५ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. माणसाकडे सगळ्या जोड्या तपासायला ना वेळ असतो ना माहिती. तो 'पुरेसं चांगलं' सापडलं की थांबतो. उभा आडवा यांनी सांगितलेली पिशवीची समस्या आठवा. पाच पाकिटांची व्यवस्था म्हणजे एक अवघड गणित पाच सोप्या गणितांत तोडणं.

मग नियमाचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा भाग तो समान झालेला आकडाच आहे. आपल्या उदाहरणात तो ३ होता. गणितात त्याला लॅम्डा म्हणतात, पैशाची सीमांत उपयोगिता. १०० मधली १० नाणी हरवली तर समाधान ३० ने घटतं. १० नाणी जास्त मिळाली तर २० ने वाढतं. आणि मुळात १० च नाणी असती तर त्या दहांनी ६० दिले असते. तेच नाणं, पण खिसा जितका हलका तितकं ते जड. डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये म्हटलं होतं की तीच रक्कम मिळाली तर श्रीमंतापेक्षा गरिबाला तिचं मोल जास्त. १९३२ मध्ये रॉबिन्सने बजावलं की दोन माणसांच्या मनांची अशी तुलना शास्त्राने सिद्ध होत नाही. तो इशारा मी वर्गात प्रामाणिकपणे सांगते. पण एकाच माणसाच्या महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याची तुलना तर आपण करू शकतो. शेवटच्या आठवड्यात लॅम्डा काय असतो ते पाकिटं करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

निळी शाई, तुमच्या आईबद्दल मी 'चुकली' म्हणणार नाही, आणि त्याला कारण आहे. १९३८ मध्ये सॅम्युएलसनने म्हटलं की मनात डोकावू नका, फक्त निवडी बघा. एका निवडीवरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. विसंगती ठरवायला दोन निवडी लागतात: एकदा ब परवडत असताना अ निवडलं, आणि नंतर अ परवडत असताना ब. तुम्ही एकच पाहिली. शिवाय प्रवासाच्या पाकिटातल्या पैशांनी नेमकं काय येणार होतं हे तुम्हाला माहीत होतं का? तुलनेची दुसरी बाजू कळल्याशिवाय भागाकार करता येत नाही.

रेघोटी

मॅडम, लॅम्डाचं कळलं. ९० नाण्यांचं करून पाहिलं, ३ पुस्तकं, ३ तिकिटं, ३९०. म्हणजे पैसे कमी झाले तर तिकीट जातं, पुस्तक नाही. पण यात वेळ कुठेच नाही. चार चित्रपट बघायला वेळही लागतो ना?

मोजपट्टी

लागतो. गॅरी बेकरने १९६५ मध्ये तोच मुद्दा घेतला: प्रत्येक वस्तूची किंमत म्हणजे तिचे पैसे अधिक ती वापरायला लागणारा वेळ. आणि गोसेनने तर सुरुवातच वेळेपासून केली होती. मर्यादित वेळ वेगवेगळ्या सुखांत कसा वाटायचा, हा त्याचा मूळ प्रश्न. वेळेची दुसरी मर्यादा घालून तुझंच गणित पुन्हा कर. चित्रपटाला ३ तास, पुस्तकाला ८ तास, हाताशी ३० तास. उत्तर बदलेल.

रेघोटी

३ आणि ४ ला ३६ तास लागतात, म्हणजे बसत नाही. २ पुस्तकं आणि ४ तिकिटं, २८ तास, ३६० मिळतात. ३ पुस्तकं आणि २ तिकिटं, बरोबर ३० तास, ३५०. म्हणजे २ आणि ४. नाणी ८० च गेली, २० उरली!

मोजपट्टी

शाब्बास. उरलेल्या नाण्यांचा लॅम्डा आता शून्य, आणि वेळेचा मात्र शून्य नाही. तुझ्या या माणसाला वाढीव पैसे दिले तरी काही फरक पडणार नाही, दोन तास दिले तर पडेल: एक तिकीट जास्त... नको, तूच कर.

निळी शाई

परवा तुमचं वाचल्यावर आईला फोन केला. दोरा गुंडाळलेला चष्मा तिला आठवत होता, मला राग आला होता हेही आठवत होतं.

मी विचारलं, प्रवासाच्या पाकिटात तेव्हा कसले पैसे होते. ती म्हणाली, त्या महिन्याच्या अखेरीला बाबांना तपासणीसाठी दुसऱ्या शहरात न्यायचं होतं. दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं होतं ते. मुलांना सांगायचं नव्हतं, म्हणून पाकिटावर नुसतं 'प्रवास' लिहिलं होतं.